फ्लॉरेन्समध्ये आईसोबत दोन दिवस: खरेदी आणि स्थलदर्शन एकाच पायी फेरीत कसे बसवावे?

पार्ल्याची लेक (विलेपार्ले)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये आई, धाकटी बहीण आणि मी अशा आम्ही तिघी इटलीला जात आहोत. रोम पाहून झाल्यावर एका सोमवारी दुपारी आम्ही आगगाडीने फ्लॉरेन्सला पोहोचू आणि बुधवारी दुपारी तेथून निघू. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकांत या शहरासाठी सकाळी तीन तास ‘स्थलदर्शन’ आणि दुपारी दोन तास ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ अशी सरळ विभागणी दिसते. ती मला पटत नाही. माझ्या लहानपणी आईबरोबर मंगळदास मार्केटला जायचे म्हणजे मुंबादेवीचे दर्शन, झवेरी बाजारातून एक चक्कर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे दगडी कोरीव काम मान वर करून पाहणे, हे सगळे एकाच फेरीत होत असे आणि त्यातले काय खरेदी आणि काय दर्शन, असा प्रश्न कोणाला पडत नसे. फ्लॉरेन्सही तसेच पाहता येईल का?

आईचे वय 69 आहे. तिचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर मध्ये मध्ये बसत ती दोन-तीन तास चालू शकते. ती पूर्ण शाकाहारी आहे. बहिणीला चामड्याची एक चांगली, वर्षानुवर्षे टिकणारी बॅग घ्यायची आहे आणि आईला त्या प्रसिद्ध पुलावरची सोन्याची दुकाने पाहायची आहेत. ज्यांनी हे शहर पायी पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वास्तुशिक्षक (गिरगाव, निवृत्त)

ताई, आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हे शहर पाहण्याची खरी रीत आपण प्रश्नातच सांगून टाकली आहे. फ्लॉरेन्स बाजाराच्या पैशावर आणि बाजाराच्या अभिमानावर उभे राहिले. तेथे मध्ययुगात लोकर, रेशीम, कापड, कातडी, शस्त्रे, दगडकाम अशा प्रत्येक व्यवसायाची संघटना असे. आपल्याकडे प्राचीन काळी अशा संघटनेला ‘श्रेणी’ म्हणत, आणि नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेव ठेवल्याची नोंद आहे. फ्लॉरेन्सच्या श्रेणी तर याहून पुढे गेल्या. तेथील मुख्य चर्चच्या बांधकामाची जबाबदारी 1331 पासून लोकर व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे होती आणि समोरच्या बाप्तिस्मागृहाची देखभाल कापड व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे होती. त्यामुळे दुकानांच्या रस्त्याने चालत राहिले की स्मारके आपोआप वाटेत येतात.

आता मार्ग. प्रथम एक सूचना करतो. आगगाडीच्या तिकिटावर आणि फलकावर शहराचे नाव ‘फिरेंझे’ असे दिसेल आणि आपल्याला ‘सांता मारिया नोव्हेल्ला’ या स्थानकावर उतरायचे आहे. सोमवारी उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालये बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी रस्ता धरणेच योग्य. जुन्या पद्धतीची पुष्कळ दुकाने सोमवारी सकाळी बंद असतात आणि दुपारी उघडतात, म्हणजे आपली वेळ अनायासे जुळली आहे.

स्थानकाजवळच सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च आहे. त्याचा पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा दर्शनी भाग आल्बेर्ती या वास्तुकाराने रचला. त्यावर अगदी वरच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत एक नाव आणि 1470 हे साल कोरलेले आहे. ते नाव जोव्हान्नी रुचेल्लाई या व्यापाऱ्याचे असून दर्शनी भागाचा खर्च त्याने केला होता. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव वाचण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचे वाटेल.

तेथून दहा-बारा मिनिटांत दुओमो, म्हणजे मुख्य चर्च. बांधकाम 1296 मध्ये सुरू झाले, पण सुमारे 45 मीटर रुंदीच्या पोकळीवर घुमट कसा चढवायचा हे शंभराहून अधिक वर्षे कोणालाच सुचले नाही. जमिनीपासून लाकडी आधार उभारावा तर तेवढे लाकूड आणायचे कोठून, हा प्रश्न होता. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात जमिनीवरून आधार न देता घुमट उभारला. त्याने एकात एक असे दोन घुमट रचले आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या-उभ्या गुंफल्या, त्यामुळे प्रत्येक नवा थर स्वतःलाच धरून राहिला. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना फळ्यावर ही रचना काढून दाखवली होती, आणि प्रत्यक्ष खाली उभा राहिलो तेव्हा दहा मिनिटे मला बोलता आले नाही. घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणून आईंना तो विचार नको. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यालाही 414 पायऱ्या आहेत. चर्चमध्ये आत जायला मात्र शुल्क नाही. रांग असते, आणि खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. समोरच्या बाप्तिस्मागृहाचा सोनेरी दरवाजा गिबेर्तीने 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षे घडवला. दारावर आज दिसते ती प्रतिकृती असून मूळ दरवाजा दुओमोच्या मागच्या संग्रहालयात आहे.

दुओमोपासून दक्षिणेला जो रस्ता निघतो त्याचे नाव ‘व्हिया देई काल्झायुओली’, म्हणजे पायमोजे-पादत्राणे करणाऱ्यांची गल्ली. तेथे आता कपड्यांची आणि आइस्क्रीमची दुकाने आहेत. या रस्त्यात मध्यावर ओर्सानमिकेले ही चौकोनी, उंच इमारत लागेल. घाईने चालणाऱ्या माणसाला ती गोदामासारखी वाटते आणि तसे वाटणे चूक नाही, कारण ती खरोखरच धान्याचा बाजार होती आणि नंतर तिचे चर्च झाले. तिच्या बाहेरच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि वेगवेगळ्या श्रेणींनी आपापल्या कोनाड्यात आपल्या रक्षक संताचा पुतळा बसवला. शस्त्रकारांनी दोनातेल्लोकडून संत जॉर्ज करून घेतला. दगड आणि लाकूडकाम करणाऱ्यांनी नान्नी दि बांकोकडून चार संत घडवून घेतले आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीत कामात गढलेले कारागीर कोरवले. ती पट्टी आईंना नक्की दाखवा. बाहेर आता प्रतिकृती आहेत, त्यामुळे संध्याकाळीही तिकिटाशिवाय सगळी प्रदक्षिणा करता येते. माझ्या मते संपूर्ण फ्लॉरेन्समध्ये आपल्या प्रश्नाचे उत्तर देणारी याहून नेमकी इमारत नाही.

तेथून दोन मिनिटांवर मेर्कातो नुओवो हा सोळाव्या शतकातला कमानींचा खुला मंडप आहे. पूर्वी तेथे रेशमाचा व्यापार चाले, आता चामड्याच्या वस्तूंचे गाळे असतात. बाजूला काशाचा रानडुक्कर आहे. त्याच्या नाकावरून हात फिरवून तोंडातून नाणे खाली सोडायचे, ते जाळीतून पडले तर आपण पुन्हा फ्लॉरेन्सला येतो, अशी समजूत आहे, आणि लाखो हातांनी ते नाक सोन्यासारखे चकचकीत झाले आहे. मंडपाच्या मधोमध जमिनीत चाकाच्या आकाराचा एक संगमरवरी दगड आहे, तो मात्र गाळ्यांच्या गर्दीत बहुतेकांना दिसत नाही. दिवाळखोर व्यापाऱ्याला त्या दगडावर सर्वांसमक्ष आपटून शिक्षा करीत. ज्या बाजाराला पत इतकी मोलाची वाटत होती त्यानेच 1252 मध्ये ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे काढले आणि ते युरोपभर चालले.

पुढे पाच मिनिटांत पोंते वेक्यो, तो आपल्या आईंचा पूल. स्थानकापासून येथवर सरळ आलात तर अंतर साधारण दादर स्थानकापासून शिवाजी पार्कपर्यंत चालावे एवढेच आहे. पुलाविषयी येथे सराफीतले कोणी अधिक लिहील, म्हणून मी थांबतो.

बुधवारी निघण्यापूर्वी सान लोरेन्झोची मंडई पाहा, कारण ती स्थानकाच्या जवळ आहे आणि तळमजल्यावरचे भाजी, चीज, सुके टोमॅटो यांचे गाळे दुपारपर्यंतच असतात. लोखंड आणि काच वापरून जुझेप्पे मेंगोनीने बांधलेली ही इमारत 1874 मध्ये खुली झाली. आपले क्रॉफर्ड मार्केट 1869 चे, म्हणजे दोन्ही मंडया एकाच पिढीच्या. लोखंडी सांगाड्याने प्रकाश आणि वारा आत घ्यायचा, ही त्या काळाची कल्पना दोन्हीकडे दिसते. आपण क्रॉफर्ड मार्केटचे कोरीव काम मान वर करून पाहणाऱ्या आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

चामडे आणि शिवण (धारावी)

बॅगेविषयी लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचे काम आहे आणि मी स्वतः तीस वर्षे बॅगा शिवल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी केवळ तेथले काम पाहण्यासाठी मी फ्लॉरेन्सला गेलो होतो.

पहिली गोष्ट शब्दांची. तेथे ‘पेल्ले’ म्हणजे मऊ चामडे आणि ‘कुओयो’ म्हणजे जाड, कडक चामडे. ‘व्हेरा पेल्ले’ असा शिक्का असला तर वस्तू खऱ्या चामड्याची आहे एवढेच कळते. चामडे कोणत्या प्रतीचे, कसे कमावलेले आणि बॅग कोठे शिवलेली, यांपैकी काहीही त्या शिक्क्यावरून कळत नाही. लोक तेथेच फसतात. आपल्या बहिणीला टिकाऊ बॅग हवी असेल तर वनस्पतीजन्य द्रव्याने कमावलेले चामडे आहे का, हे विचारावे. फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्या दरम्यान आर्नो नदीकाठी असे चामडे कमावणारे कारखाने आहेत. ते चेस्टनट, मिमोसा, क्वेब्राको अशा झाडांचा अर्क वापरतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते, तेच हे शास्त्र, फक्त झाडे वेगळी. क्रोम वापरून काही दिवसांत होणारे काम या रीतीने कित्येक आठवडे चालते, म्हणून किंमत जास्त असते. असे चामडे वापराने गडद होत जाते आणि त्याला तेज चढते.

पाहायचे कसे? दुकानदाराला लायटर पेटवू देऊ नका, त्याने काहीच सिद्ध होत नाही. बॅगेची कापलेली कड शोधा. आत कापडासारखा किंवा फेसासारखा थर दिसला तर वरचा भाग केवळ मुलामा आहे. अंगठ्याने दाबून पाहा. खऱ्या चामड्यावर बारीक, असमान सुरकुत्या उमटतात, आणि छिद्रे सगळीकडे एकसारखी, छापल्यासारखी दिसली तर ती छापलेलीच असतात. मग पट्टा जेथे जोडला आहे तेथली शिवण पाहा, कारण बॅग तुटते ती तेथेच. टाके एकाच लांबीचे असावेत, धागा मेण लावलेला असावा आणि ताण पडणाऱ्या जागी दुहेरी काम असावे. अस्तर उलटे करून पाहायला लाजू नका. चांगला कारागीर ते आनंदाने दाखवतो. गाळ्यांवर नम्रपणे भाव करता येतो, स्वतःची कार्यशाळा असलेल्या दुकानांत मात्र किंमत ठरलेली असते आणि तेथे घासाघीस करणे कारागिराला लागते. नामांकित कंपनीची नक्कल पदपथावर मांडलेली दिसेल, ती घेऊ नये. इटलीत विकणाऱ्याप्रमाणे विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

सांता क्रोचे चर्चच्या मागे, मठाच्या जुन्या जागेत चामड्याची एक शाळा आहे, ‘स्कुओला देल कुओयो’. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काम मिळावे म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी तेथल्या दोन चर्मोद्योगी कुटुंबांच्या साहाय्याने ती सुरू केली. आजही तेथे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. मी अर्धा दिवस तेथे उभा होतो. एक बाई कडेला रंग देत होत्या, घोटत होत्या, पुन्हा रंग देत होत्या. आमचे वडील असेच करीत. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण मी माझ्या बॅगेची कड त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी तिच्यावरून बोट फिरवून मान डोलावली. त्याच चर्चमध्ये मायकेलँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत, त्यामुळे ही फेरी आपल्या हिशेबात दोन्हीकडे बसते.

शेवटी मुंबईची गोष्ट, जी तेथला कोणताही दुकानदार सांगणार नाही. अशा चामड्याला आपल्या पावसाळ्यात बुरशी येते. बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून, आत कागद भरून, वारा लागेल अशा जागी ठेवावी आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावी. पाणी पडल्यास लगेच टिपून सावलीत वाळवावी.

सहप्रवासी (मुलुंड)

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचेही गुडघे असेच आहेत. वरील मार्गात चढ नाही हे खरे, पण रस्ते दगडी फरशांचे असून फरशा वरखाली आहेत, म्हणून पातळ तळव्याच्या चपला नकोत. बसायला दुओमोच्या पायऱ्यांपेक्षा मोठ्या चौकांतल्या दगडी कट्ट्यांवर सावली बरी मिळते. कॉफीच्या दुकानात उभ्याने प्यायल्यास एक दर आणि टेबलावर बसल्यास त्याहून जास्त दर असतो. आईंसाठी तो जास्तीचा दर खुशाल द्यावा.

मंगळवारी उफिझी चुकवू नका, असा माझा आग्रह आहे. कोणी म्हणेल की दोन दिवसांत संग्रहालयात वेळ का घालवायचा. पण ती इमारत वासारी या वास्तुकाराने 1560 पासून सरकारी कचेऱ्यांसाठी बांधली आणि मेदिची या राज्यकर्त्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या जे विकत घेतले, बनवून घेतले ते तेथे आहे. त्या घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये करार केला की हा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर कधीही जाऊ नये. तिच्या त्या एका कराराने बोत्तिचेल्लीची चित्रे आज त्याच गावात आहेत. बाईंनी हे केले, याचे सासूबाईंना फार कौतुक वाटले आणि त्यांनी तिचे नाव वहीत लिहून घेतले. वेळ ठरवून तिकीट आधी काढावे. दालने वरच्या मजल्यावर आहेत आणि जिने बरेच आहेत, म्हणून दारावरच लिफ्टविषयी विचारावे. सगळे पाहण्याचा हट्ट न करता बोत्तिचेल्लीची दालने आणि खिडकीतून दिसणारा पूल एवढे पाहिले तरी पुरे. मायकेलँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा 1873 पासून अकादेमियात आहे. वेळ नसेल तर सिन्योरिया चौकातील प्रतिकृती त्याच्या मूळ जागेवरच उभी आहे, ती पाहावी.

जेवणाचे सांगते. ‘रिबोल्लिता’ हे घेवड्याच्या बिया, पाले आणि शिळी पोळी असावी तसा शिळा पाव घालून केलेले दाट सूप आहे आणि ‘पाप्पा अल पोमोदोरो’ हे टोमॅटो आणि पावाचे. दोन्ही पोटभरीचे असतात, मात्र त्यात मांसाचे पाणी वापरले आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. तेथल्या पावात मीठ नसते, त्यामुळे पहिला घास विचित्र लागतो. बरोबर लोणच्याची एक लहान बाटली ठेवा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातले विरजण असते, आई काटेकोर असतील तर त्यांना हे आधी सांगावे. ‘लाम्प्रेदोत्तो’ असे लिहिलेल्या गाड्यांवर गाईच्या पोटाचे मांस मिळते, तेव्हा तेथे थांबू नये.

पार्ल्याची लेक (विलेपार्ले)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. धारावीच्या दादांचे उत्तर बहिणीने दोनदा वाचले आणि घरातल्या जुन्या बॅगांच्या कडा तपासायला घेतल्या. आता दोन शंका उरल्या आहेत. आईला पुलावरून एखादा लहानसा दागिना घ्यावासा वाटला तर तो सराफी हिशेबाने परवडतो का? आणि कर परत मिळतो म्हणतात, ते नेमके कसे?

काळबादेवीचा सराफ (मुंबई)

ताई, सराफी हिशेबाने परवडत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे आईंना नंतर वाईट वाटणार नाही. आपल्याकडे आपण 22 कॅरेटचा, 916 शिक्क्याचा दागिना घेतो. वजन, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी असे तीन आकडे वेगवेगळे समोर येतात. इटलीत दागिना बहुधा 18 कॅरेटचा, म्हणजे 750 शिक्क्याचा असतो आणि किंमत अख्ख्या नगाची सांगतात. मुंबईत तो मोडायला आणलात तर सोन्याचा भाव 75 टक्के शुद्धतेने मिळेल आणि कारागिरीचे मोल शून्य धरले जाईल. तेव्हा तेथे घ्यायचे ते सोने म्हणून न घेता काम म्हणून घ्यावे. फ्लॉरेन्सच्या सोनारांची एक खास रीत आहे. सोन्याच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा हाताने एकमेकींना लागून कोरतात, त्यामुळे चकाकी जाऊन रेशमासारखा मंद पोत येतो. ते काम भिंगातून पाहायला मागा. आपल्याकडे तसे काम क्वचित दिसते. एवढ्याशा कानातल्यातही ते दिसते, मोठा दागिना घ्यायची गरज नाही. 750 चा आकडा आणि बनवणाऱ्याचा शिक्का दोन्ही आहेत, हे मात्र पाहून घ्यावे.

आता पुलाविषयी. आजचा पूल 1345 चा आहे, कारण आधीचा 1333 च्या पुरात वाहून गेला. पूर्वी त्यावर खाटकांची दुकाने होती आणि सगळी घाण नदीत जाई. वरून जाणारा बंद मार्ग वासारीने 1565 मध्ये पाच महिन्यांत बांधला, म्हणजे राज्यकर्त्यांना राजवाड्यापासून कचेरीपर्यंत गर्दीत न उतरता जाता यावे. 1593 मध्ये फेर्दिनांदो पहिला याने खाटकांना हलवून पूल सोनारांना दिला आणि तेव्हापासून तो सोनारांकडेच आहे. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुरात पाणी दुकानांतून वाहिले, तरी पूल टिकला. संध्याकाळी दुकाने बंद होताना जाड लाकडी फळ्यांची झडप लागते आणि दुकान पेटाऱ्यासारखे दिसू लागते. तो क्षण पाहण्यासाठी दुकाने उघडी असतानाच पोहोचा आणि बंद होईपर्यंत थांबा. आमच्या पेढीवर आजोबांच्या वेळची अशीच फळ्यांची दारे होती.

कराचे असे आहे. इटलीत बहुतेक वस्तूंवर 22 टक्के मूल्यवर्धित कर किमतीतच धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एका दुकानात एका वेळी 70 युरोंहून अधिक खरेदी केल्यास परतावा मागता येतो. ही मर्यादा पूर्वी सुमारे 155 युरो होती, फेब्रुवारी 2024 पासून ती कमी झाली. दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा, वस्तू वापरायला काढू नये आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर सीमाशुल्काची नोंद करून घ्यावी. म्हणजे रोमहून थेट किंवा आखाती देशामार्गे येत असाल तर रोमला, आणि जर्मनीत विमान बदलत असाल तर जर्मनीला. वस्तू तपासायला मागू शकतात, म्हणून सामान देण्यापूर्वी चौकशी करावी. मध्यस्थ संस्था आपले शुल्क कापते, त्यामुळे पूर्ण 22 टक्के हाती येत नाहीत. मुंबईला उतरल्यावर आपल्या सीमाशुल्काची मर्यादा वेगळी लागते. सोन्याचे नियमही वेगळे आहेत. निघण्याच्या आठवड्यात ते सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत आणि पावत्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

करवीरकर (सध्या लालबाग)

सगळ्यांनी बाजार, पूल, चर्च सांगितले. एका जागेचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि मराठी माणूस फ्लॉरेन्सला जाऊन ती न पाहता परत आला तर मला फार वाईट वाटते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय केवळ वीस वर्षे. राजर्षी शाहू महाराज गादीवर येण्याच्या कित्येक वर्षे आधीची ही घटना आहे. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. परक्या देशात, ख्रिस्ती शहरात हिंदू पद्धतीने दहन करण्याची परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. संगमाची जागा आपल्या माणसांनी का मागितली असेल, हे कोल्हापूरकराला किंवा नाशिककराला समजावून सांगावे लागत नाही. 1874 मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. छत्रीची रचना मेजर मँट यांची आहे, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. छत्रीखाली फुलर या शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे, फेटा आणि मोत्यांच्या माळा घातलेला. शेजारून जाणारा मोठा पूल 1978 मध्ये झाला, त्याचे नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल. गावातल्या लोकांनी तो भाग याच नावाने ओळखला आणि नाव टिकले.

आता आपल्या प्रश्नाशी याचा संबंध. हे स्मारक आर्नोकाठच्या ‘काशीने’ नावाच्या मोठ्या उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, आणि त्याच उद्यानात दर मंगळवारी सकाळी शहराचा आठवडी बाजार भरतो. कपडे, चपला, घरगुती वस्तू, चीज असे सगळे असते, आणि पर्यटकांपेक्षा गावातली माणसे जास्त दिसतात. आपण मंगळवारी तेथे आहातच. स्थानकाजवळून ट्राम मिळते आणि काशीने याच नावाचा थांबा आहे. बाजारापासून स्मारकापर्यंत मात्र पाऊण तासाची चाल आहे, म्हणून आईंना टॅक्सीने न्यावे. सकाळी बाजार, मग स्मारक आणि दुपारनंतरची वेळ घेऊन उफिझी, असा क्रम जमतो.

मी गेलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. नदीवर धुके होते. मी बूट काढले आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

पार्ल्याची लेक (विलेपार्ले)

दादा, आपले लिहिणे मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिचे माहेर कागलचे आहे आणि तिलाही हे ठाऊक नव्हते. आता मंगळवारची सकाळ तिने स्वतःसाठी राखून ठेवली आहे आणि सोन्याचा विषय तिने पूर्ण सोडून दिला आहे. कानातले घेतलेच तर भिंगातून पाहून, एवढेच म्हणाली. तिची एक विचारणा आहे. येथून काही घेऊन जावे का, की तेथे फुले मिळतील?

करवीरकर (सध्या लालबाग)

काकूंना नमस्कार सांगा. येथून फुले नेऊ नका, इतक्या प्रवासात ती टिकणार नाहीत. त्याच मंगळवारच्या बाजारात रोपांचे आणि फुलांचे गाळे असतात, तेथूनच घ्यावीत आणि टॅक्सीत बसण्यापूर्वी घ्यावीत, कारण स्मारकाच्या बाजूला दुकान नाही. ऑक्टोबरमध्ये शेवंती मिळायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, इटलीत शेवंती मृतांच्या स्मरणाला वाहतात आणि एरवी कोणाच्या घरी नेत नाहीत, त्यामुळे फुले हातात घेऊन ट्राममध्ये बसलात तर लोक आपोआप जागा करून देतील.